हादरा कोणी सोसावा?

एस्टीच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसून ज्याने सातारा ते सांगली हा प्रवास केला आहे, त्यास ह्या लेखाचा विषय समजावून सांगण्याचे फारसे कारण नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरास राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांनी ह्या शेवटच्या बाकाचा अनुभव घेतलेला आहे. रस्त्यातील खड्डा एकच असतो. गाडी एकच असते, तिकिटाचा दरही एकच असतो. परंतु त्या खड्ड्याने पुढच्या बाकावरील गृहस्थाची डुलकी देखील मोडत नाही, आणि शेवटच्या बाकावरचा मनुष्य मात्र वीतभर वर उडून खाली आदळतो. मागच्या आसाच्याही पलीकडे गाडीचा जो भाग लोंबता राहिलेला असतो तो सर्वांत अधिक खालीवर होतो, हे त्याचे साधे यांत्रिक कारण आहे. कारण कळले म्हणजे कुतूहल शमते. परंतु त्याच्या पाठोपाठ जो दुसरा प्रश्न उभा राहतो तो यंत्रशास्त्राने सुटत नाही. रस्त्यावर खड्डे असणारच. मग त्यांचा हादरा कोणी सोसावा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत होता. तत्त्वज्ञान शिकविण्यात आयुष्याची तीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास गाडीच्या स्प्रिंगांविषयी लिहावेसे का वाटले, हे पुढे ओघाने येईलच. प्रथम स्प्रिंग म्हणजे काय करते, हे पाहू.

आपली सर्वसामान्य समजूत अशी असते की, स्प्रिंग हादरा नाहीसा करते. ही समजूत चुकीची आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगेचा नियम सांगितला. स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितक्या प्रमाणात ती उलट जोर करते. म्हणजे चाक खड्ड्यातून वर उसळले की त्याची शक्ती स्प्रिंग आपल्या पोटात साठवून घेते, आणि क्षणभराने परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी झोपाळ्याप्रमाणे हिंदकळत राहील. म्हणून तिच्या जोडीला ते तेलाचे नळकांडे लागते, ज्यास आपल्याकडचे मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात. त्यातील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, त्या घर्षणाने तेल तापते, आणि स्प्रिंगेने साठविलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने हळूहळू हवेत जिरून जाते. मोठ्या गाड्यांना जे एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात, त्यांत पाट्यावर पाटा घासून हे काम अंशतः आपोआप होते. तात्पर्य हे की, हादरा कोठे तरी जावाच लागतो. पाट्याने घेतला नाही तर तो सांगाड्यात जातो, सांगाड्यातून बाकात जातो, आणि बाकातून माणसाच्या पाठीच्या कण्यात जातो. स्प्रिंगेची व्यवस्था म्हणजे हादऱ्याची वाटणी. आणि जेथे वाटणी आली तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न आलाच.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडागाड्यांस कमानदार पोलादी पाटे बसू लागले. आपल्याकडची बैलगाडी मात्र पाट्यांवाचूनच चालली. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि वर सरळ आस. मग ह्या गाडीचा हादरा कोण घेत होते? थोडा गाडीवान घेई, थोडा माल घेई. पण मोठा वाटा जुवाच्या वाटेने बैलाच्या खांद्यावर येई. बैलाचा खांदा हाच त्या गाडीचा पाटा होता. आमच्या सातारा-सांगलीकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी करण्याची चाल आहे. बैलाचा खांदा ऊन पाण्याने शेकावयाचा, तूप-हळद लावून चोळावयाचा, आणि त्या दिवशी जू त्याच्या मानेवर ठेवावयाचे नाही. कोरेगाव तालुक्यातील आमच्या घरी माझे आजोबा ही खांदमळणी स्वतःच्या हातांनी करीत. गड्यास करू देत नसत. लहानपणी मी त्यास एक धार्मिक विधी समजत असे. आज वाटते, तो विधी तर होताच, पण जो आपला हादरा घेतो त्याची निगा आपण स्वतः घेतली पाहिजे ही कबुलीही त्यात होती.

ही कबुली आज आपण विसरलो आहो काय? ज्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडीस लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, त्या मुलखास यंत्राचे वावडे कधीच नव्हते. तरी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कृष्णा-वारणेच्या काठी उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या दिसू लागतात. आता त्यांस रबरी टायर आले आहेत. पण टायर आल्यामुळे बैलाचे ओझे हलके होण्याऐवजी गाडीत ऊस अधिक भरला जाऊ लागला. वाळवा तालुक्यात राजारामनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली जुवाखाली एक आधाराचे चाक बसवून बैलांच्या मानेवरील भार कमी करण्याची युक्ती काढली, तेव्हा तिचे छायाचित्र देशभर पसरले आणि लोकांनी त्या मुलांची वाहवा केली. वाहवा योग्यच होती. परंतु इतकी शतके ते चाक तेथे का नव्हते, असा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याचे उत्तर उघड आहे. ज्याच्या मानेवर भार होता त्यास बोलता येत नव्हते. आणि ज्यास बोलता येत होते तो गाडीवर बसला होता.

आता मी माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आनंद होत नाही.

माझ्याजवळ पुष्कळ वर्षांची एक मोटारसायकल होती. तिच्या मागच्या दोन्ही शॉकअपांच्या स्प्रिंगांखाली पायऱ्या पाडलेले एक कडे असते. ते कडे आकड्याच्या पान्याने फिरवून स्प्रिंग अधिक ताठ किंवा अधिक मऊ करता येते. एकट्याने बसावयाचे असेल तर खालची पायरी, आणि मागे दुसरे कोणी बसणार असेल तर वरची, एवढाच त्यातला नियम. मी रोज एकटाच महाविद्यालयात जात असे. म्हणून मला सुखाची अशी सर्वांत मऊ पायरी मी लावून ठेवली होती, आणि ती कधीही बदलली नाही. रविवारी पत्नीस मागे बसवून गावात किंवा मिरजेस जाताना खाली वाकून ते कडे फिरविण्यास दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे मी कधी काढली नाहीत. शिवाय डाव्या बाजूच्या शॉकअपमधून तेल झिरपत होते. नळीवर धुळीचा काळा, ओलसर थर साचलेला मी पाहिला होता. पुढच्या महिन्यात पाहू, असे म्हणत मी वर्ष काढले.

पत्नी म्हणत असे, "अहो, गाडी फार आदळते." मी म्हणत असे, "मला तर काही जाणवत नाही." आणि हे अक्षरशः खरे होते! पुढे बसणारा दोन्ही चाकांच्या मध्ये बसतो. त्याचे पाय खुंट्यांवर असतात आणि खड्डा त्यास अगोदर दिसतो, म्हणून तो नकळत अंग सावरतो. मागे बसणारे माणूस मागच्या चाकाच्या जवळजवळ वर बसते. त्यास पुढचा रस्ता दिसत नाही. आणि साडी नेसून एका बाजूस बसलेल्या स्त्रीस पायांनी अंग उचलून धरण्याचीही सोय नसते. मला जाणवत नाही ह्यावरून मी हादराच नाही असा निष्कर्ष काढला. तर्कशास्त्राच्या तासास एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्यास उभे केले असते.

एका संध्याकाळी, घरापासून फार दूर नाही अशा एका गतिरोधकावर, गाडी वर उसळली आणि मागची स्प्रिंग तळाशी जाऊन बसली. मला एक ठोका ऐकू आला. पत्नी ओरडली नाही. तिने फक्त माझा खांदा घट्ट धरला. घरी आल्यावर तिला जिना चढता येईना. मिरजेच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखविले. पाठीचा एक मणका दबला होता. तीन महिने पट्टा बांधून राहावे लागले, आणि जमिनीवर बसणे कायमचे सुटले. ह्या वयात बायकांची हाडे ठिसूळ होतात, असे डॉक्टर म्हणाले. आणि मी त्या वाक्याचा आधार कित्येक दिवस घट्ट धरून ठेवला.

तो आधार सुटला एका मिस्त्रीमुळे. गाडी दुरुस्तीस नेली तेव्हा त्या वृद्ध गृहस्थाने शॉकअप हाताने दाबून पाहिला, सोडला, आणि तो हिंदकळतच राहिला असे दाखविले. मग हातातले तेल चिंधीस पुशीत तो म्हणाला, "धक्का जातोय कुठं, सर? तुम्ही नाही घेतला, गाडीनं नाही घेतला. मग वहिनीसाहेबांनी घेतला." त्याच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. हिशेब सांगावा तसे त्याने सांगितले. नीतिशास्त्रावरील जे ग्रंथ मी आजवर शिकविले, त्यांतील एकाही ग्रंथाने मला माझे कर्तव्य इतक्या थोड्या शब्दांत सांगितले नव्हते.

त्यानंतर मी त्याच्या दुकानात पुष्कळदा जाऊन बसलो. त्याच्याकडे मालमोटारींच्या पाट्यांचेही काम येते. त्याची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांस दगड लावल्यावाचून तो तिच्याखाली शिरत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीवर त्याचा कधीही विश्वास नसतो; सांगाड्याखाली लोखंडी घोडी ठेवून, गाडीचे वजन तिच्यावर उतरले आहे अशी खात्री करून, मगच तो यू-बोल्टास पाना लावतो. पाट्यांवरचा भार उतरण्यापूर्वी बोल्ट सैल केला तर वाकलेला पाटा उसळून माणसाचे तोंड फोडतो, हे त्याने एकदा पाहिले आहे. दाबलेली वेटोळ्याची स्प्रिंग सोडविताना तो तिच्या समोर उभा राहत नाही, आणि पोरासही उभे राहू देत नाही. एका बाजूचा शॉकअप गेला तर तो दोन्ही बदलतो. कारण एक नवा आणि एक जुना असला म्हणजे वळणावर गाडी एका अंगाने झुकते. पाट्यांची जुडी धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला तर सबंध आस जागचा सरकतो. म्हणून पाटे बदलल्यावर थोडी गाडी चालवून, भार घालून, यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळल्यावाचून तो गाडी मालकाच्या ताब्यात देत नाही.

ह्या सर्व नियमांच्या मुळाशी एकच जाणीव आहे. साठविलेली शक्ती दिसत नाही. दाबलेली स्प्रिंग आणि मोकळी स्प्रिंग दुरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच निमूट दिसतात. घरातली, कचेरीतली, समाजातली जी माणसे वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे हादरे घेत असतात, तीही अशीच निमूट दिसतात. आणि त्यांच्या निमूटपणावरून त्यांच्यावर भार नाही असे अनुमान आपण काढतो.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याकडे परत आला आहे. आमच्या ह्या जिल्ह्याने सैन्यास किती माणसे दिली हे सर्वश्रुत आहे; अपशिंगे गावच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटला आहे. हा विद्यार्थी काही काळ सियाचीनच्या बाजूस होता आणि तेथे बर्फावर चालणारी स्नो-स्कूटर त्याच्या देखरेखीखाली असे. तिला पुढे दोन घसरपट्ट्या असतात आणि मागे एक रुंद रबरी पट्टा फिरतो. दोन्हींकडे स्प्रिंगा असतात. बर्फ मऊ असते ही आपली मैदानातल्या माणसांची कल्पना. वाऱ्याने थिजलेल्या त्याच्या लाटा दगडाहून कठीण असतात, असे तो सांगे. निघण्यापूर्वी स्वार किती, सामान किती, हे पाहून स्प्रिंगा लावावयाच्या. सांध्यांत गोठलेले बर्फ काढावयाचे. मागची बाजू उचलून पट्टा तपासावयाचा तर खाली भक्कम आधार द्यावयाचा, आणि पट्टा फिरत असताना कोणास मागे उभे राहू द्यावयाचे नाही, कारण त्यात अडकलेला बर्फाचा खडा गोळीसारखा सुटतो. हे रोजचे काम त्यास कधी कंटाळवाणे वाटले नाही का, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, त्या गाडीच्या मागे घसरगाडी जोडतात. कधी तिच्यावर डबे असतात, कधी आजारी जवान असतो. तो काही बोलत नाही." मी आणखी काही विचारले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. ही सगळी काळजी ज्यास परवडते त्याने करावी. ज्याचे पोट वाहतुकीवर आहे त्याने काय करावे? आक्षेप खोटा नाही. त्याच मिस्त्रीकडे मालमोटारींचे मालक येतात आणि जादा पाटे घालून मागतात. नेमून दिलेल्यापेक्षा अधिक माल भरावयाचा, तो भरल्यावर गाडी बसू नये म्हणून पाट्यांची जुडी जाड करावयाची. मी विचारले, "तुम्ही घालता?" तो म्हणाला, "घालतो. मी नाही घातला तर पलीकडचा घालतो." गरिबाच्या तोंडचे हे उत्तर ऐकून नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाने एकदम उपदेश करू नये, एवढे मला कळते. तरीपण जादा पाट्याने काय होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पाटा वाढला म्हणून आसाची ताकद वाढत नाही, ब्रेकची वाढत नाही, टायरची वाढत नाही. भार फार झाला असता गाडी खाली बसते ही तिची तक्रार असते; जादा पाटा ती तक्रार बंद करतो, आणि भार तेवढाच राहतो. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून जे प्रयोग झाले, त्यांवरून असे ठरले की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. मालकाचे भाडे वाढले. हादरा रस्त्याने घेतला. रस्त्यास खड्डे पडले. आणि त्या खड्ड्यांतून उद्या कोणी तरी आपल्या पत्नीस मोटारसायकलच्या मागे बसवून नेणार आहे. पलीकडचा घालतो म्हणून मी घालतो, ह्या युक्तिवादाने दोष वाटला जातो. तो कमी होत नाही. मात्र तो एकट्या मिस्त्रीवर टाकणे हाही एक अन्यायच. त्या साखळीत माल पाठविणारा आहे, भाडे पाडणारा व्यापारी आहे, आणि स्वस्त माल मिळाला म्हणून संतोष मानणारे तुम्ही-आम्हीही आहो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सोसणे हा सद्गुण नव्हे काय? आपल्या संतांनी सहनशीलता वाखाणिली, ग्रीक-रोमन तत्त्ववेत्त्यांनी वाखाणिली. मग हादऱ्याची तक्रार करण्यात थोरवी ती कसली? ह्यास माझे उत्तर असे आहे. स्वतःच्या वाट्यास आलेला हादरा स्वतः सोसणे हा सद्गुण खरा. परंतु सहनशीलतेची स्तुती करणारा मनुष्य गाडीत कोठे बसला आहे, हे पाहिल्यावाचून ती स्तुती स्वीकारू नये. पुढे बसलेल्याने मागे बसलेल्याची सोशिकता वाखाणणे ह्यात सद्गुणाचा गौरव नसतो. स्वतःच्या आळसाची सोय असते. 'ती कधी कुरकुर करीत नाही' असे मी पत्नीविषयी मित्रमंडळींत अभिमानाने सांगत असे. वस्तुतः ती कुरकुर करीत होती. मी ऐकत नव्हतो.

म्हणून प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर फार मोठे नाही. हादरा शक्यतो त्याच्यासाठी केलेल्या वस्तूने सोसावा. आणि त्या वस्तूची निगा ठेवण्याचे काम ज्याच्या हाती पाना आहे त्याचे आहे. ही निगा स्वतःच्या वजनाच्या मापाने न ठेवता मागे बसणाराच्या मापाने ठेवली पाहिजे. आपल्याला काय जाणवते हे ह्या बाबतीत प्रमाण नव्हे. मागे वळून विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळाले तर त्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

ती मोटारसायकल मी विकली नाही. दोन्ही शॉकअप नवे घातले. कडे वरच्या पायरीवर आहे. मी एकटा जातो तेव्हा ती मला आता थोडी ताठ लागते, आणि ते मी बदलीत नाही. पत्नी मात्र तिच्यावर पुन्हा बसली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. बेंदरास गावी जावयाचे असले म्हणजे आम्ही एस्टीने जातो. ती पुढच्या बाकावर बसते. तिच्या शेजारी जागा मिळाली तर बरेच. न मिळाल्यास शेवटचा बाक बहुधा रिकामा असतो.